राहिलेली चौथी फेरी

दोन गोष्टींत डावं-उजवं ठरवणं फार सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या आतोबांच्या घरी एक दिवस काढायला हवा होता. तुम्ही-आम्ही दोन आंबे चाखतो, एकाला गोड म्हणतो, दुसरा बाजूला सारतो आणि हात धुऊन मोकळे होतो. आतोबा आधी विचारणार, दोन्ही आंबे एकाच अढीतले का? पहिला खाल्ल्यावर चूळ भरली होती का? कुठला आंबा कुणाच्या झाडाचा, हे खाणाऱ्याला आधीच ठाऊक होतं का? एवढी चौकशी पुरी होईपर्यंत आत्या दोन्ही आंबे एकाच पातेल्यात पिळून मोकळी झालेली असे, आणि आतोबा त्या पातेल्याकडे पुरावा नष्ट झालेल्या फौजदारासारखे बघत बसत. त्यांच्याइतका न्यायी माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका वेळखाऊही पाहिला नाही.

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी त्यांचं गाव. मी बेळगावची. फायनलची परीक्षा देऊन त्या गावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले, आणि आत्याच्या घरी राहणं ओघानंच आलं. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस ते. आतोबा तोवर निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीतली नोकरी सोडून घरी बसले होते. वखारीत त्यांचं काम वास घेण्याचं. शेतकऱ्यानं पोतं सोडलं की यांनी मूठभर पाला नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि माल कुठल्या प्रतीचा ते सांगायचं. त्यावर भाव ठरे. स्वतः त्यांनी जन्मात कधी तंबाखू मळली नाही की ओढली नाही, पण "अण्णांचं नाक म्हंजे तागडी" असं पंचक्रोशीत म्हणत. मग एकदा काय झालं, एकाच शेतातला माल हमालाच्या घोळानं दोन वेगळ्या शेतकऱ्यांच्या नावानं त्यांच्यापुढं आला. नावाजलेल्या शेतकऱ्याच्या नावावरचा पाला त्यांनी उत्तम ठरवला आणि दुसऱ्याच्या नावावरचा तोच पाला मध्यम. घोळ उघडकीला आल्यावर अख्खी वखार हसली. आतोबांना मात्र त्या दिवशी घास गेला नाही. "माझं नाक नावाला भुललं," एवढंच ते आत्याला म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दंडक घातला की पोतं कुणाचं हे त्यांना कुणी सांगायचं नाही, आणि ज्याचा माल असेल त्यानं खोकायचंसुद्धा नाही. खोकल्यावरून माणूस ओळखू येतो म्हणून.

वखार सुटली तरी दंडक सुटला नाही, तो घरी आला. घरी तर शेतकरी, हमाल आणि मालक या तिन्ही जागी एकटी आत्या. एकदा त्यांच्या मनानं घेतलं की जवसाची चटणी पाट्यावरची चांगली की उखळातली, याचा कायमचा निकाल लावायचा. आत्यानं पाठमोरं होऊन दोन वाट्या भरायच्या, कुठलीत कुठली हे सांगायचं नाही, मध्ये कोरड्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा घोट. आत्याला त्या दिवशी चार माणसांचा स्वयंपाक होता. तिनं सरळ पाट्यावरचीच चटणी दोन्ही वाट्यांत घातली आणि पदर खोचून कामाला लागली. आतोबा बराच वेळ जीभ घोळवत बसले. शेवटी भाकरी खाली ठेवून अतिशय गंभीरपणे म्हणाले, "एक तर ह्या दोन्ही एकच हाईत, न्हाय तर माझी जीभ कामातनं गेली." आत्यानं खरं सांगितलं तेव्हा मला वाटलं आता भांडण जुंपणार. ते उठले, हात धुतले आणि तिला म्हणाले, "व्वा! पारख्याची परीक्षा घेतलीस तू. हे मला सुचाय पायजे हुतं." आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला बायकोच्या अकलेची ही गोष्ट सांगत राहिले. या माणसाशी भांडायची सोयच नव्हती.

छत्र्यांचं प्रकरण तर गाव अजून विसरलं नसेल. बेळगावच्या कॅम्पातनं आणलेली छत्री चांगली की निपाणीच्या बाजारातली, असा वाद चावडीवर निघाला होता. आतोबा भर पावसात दोन हातांत दोन उघड्या छत्र्या धरून मारुतीच्या देवळापुढं उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की वारा डावीकडून येतोय, म्हणजे डाव्या छत्रीवर अन्याय होतोय. मग ते छत्र्यांचे हात बदलत राहिले. दोन्ही छत्र्यांखाली जमीन कितपत कोरडी राहिली ते बघायला ते अधूनमधून वाकत, आणि त्या दोन छत्र्यांच्या मधोमध उभे असलेले ते स्वतः नखशिखांत भिजत. पुढं त्यांना ताप भरला. पांघरुणातनं ते मला म्हणाले, "दोन्ही सारख्याच. पर तिसरी घेऊन मधी धरायला पायजे हुती."

माझ्या लग्नातही त्यांनी न्याय केला. दोन स्थळं आली होती. एक मुलगा सकाळी उपाशीपोटी पाहून झाला आणि दुसरा दुपारी पुरणपोळीचं जेवण झाल्यावर. माझ्या वडिलांना दुसरा पसंत पडला. आतोबांनी हरकत घेतली, "भुकेल्या पोटी बघितलेला मुलगा आन् जेवून बघितलेला मुलगा, ह्यात निवड कशी करनार? दोघांस्नी परत बोलवा, एकाच येळंला." दोन्हीकडच्या मंडळींना हे काही मानवलं नाही. दोन्ही मुलगे पुढं दुसरीकडं खपले. वडिलांनी वर्षभर आतोबांशी अबोला धरला. मी मात्र त्या दोघांपैकी एकाला नंतर एका लग्नात पाहिलं, वाढप्यावर जिलबीसाठी ओरडताना, आणि मनातल्या मनात आतोबांना हात जोडले.

पण आतोबा म्हटले की मला हे काही आठवत नाही. मला आठवतं ते वल्ह्याचं प्रकरण.

पावसाळ्यात वेदगंगा दुथडी भरली की आमचं गाव आणि पलीकडची वस्ती तुटत. पूल नव्हता. लाकडी नाव पूर्वी होती म्हणे, पण मी गेले तेव्हा ये-जा चाले ती काहिलीतून. उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई तुम्ही गुऱ्हाळात पाहिली असेल, सपाट बुडाची, परातीसारखी पसरट, चार-पाच माणसं आरामात बसतील एवढी. गुऱ्हाळं चालतात हिवाळ्यात. पावसाळ्यात काहील रिकामीच असते, तर ती नदीत घालायची हा आमच्याकडचा शहाणपणा. तिला पुढं नाही की मागं नाही, त्यामुळं वल्हवणारा जरा चुकला की ती जात्यासारखी स्वतःभोवती फिरते. तिच्यात बसून नदी ओलांडणाऱ्या माणसाला देव आठवायला देवळात जावं लागत नाही.

ही काहील चालवायचा सत्याप्पा अंबी. अंगानं काटकुळा, उतरत्या वयाचा, फारसं न बोलणारा. त्याच्या बदल्यात सुगीला घरटी धान्य मिळे, त्यावर त्याचं घर चाले. त्याचं वल्हं त्याच्या बापाचं. शिसवी लाकडाचं, दांडा तळव्यांनी घासून आरशासारखा गुळगुळीत झालेला आणि पातं झिजून झिजून पळीएवढं उरलेलं. आदल्या श्रावणात पाटलांचे व्याही काहिलीत असताना ती धारेला लागली आणि पार खालच्या वळणावरच्या बाभळीत जाऊन अडकली. जीव कुणाचा गेला नाही, पण व्याह्यांचा फेटा गेला, आणि पाटलांच्या लेखी ते जास्त होतं. गाव म्हणू लागलं की सत्याप्पाचे हात संपले. त्यातच त्याच्या भावकीतल्या परसूनं नवं वल्हं करून घेतलं, सागवानी, सुपासारख्या रुंद पात्याचं. परसू तरणाबांड, दंडात बळ. तो म्हणायचा, "काकाचं झालं आता वय. मला द्या, बघा कशी सुतात न्हेतो." पंचांनी ठरवलं की पुढच्या बाजाराच्या आत दोघांची शर्यत लावायची, जो जिंकेल त्याची काहील आणि त्याचं धान्य. सत्याप्पानं मान खाली घालून होकार दिला. त्याच्या घरी बायको होती, विधवा लेक होती, आणि पोटाला दुसरं काही नव्हतं.

चावडीवर हे ठरत असताना आतोबा उठून उभे राहिले. "ही शर्यत न्हवं, ही खिचडी हाय," ते म्हणाले. "एका बाजूला म्हातारा आन् जुनं वल्हं, दुसऱ्या बाजूला तरणा आन् नवं वल्हं. परसू जिंकला तर कोण जिंकलं म्हनायचं? दंड का लाकूड? तुमी सत्याप्पाचं धान्य काढून घेनार त्याच्या हातासाठी. मग आदी हाताचा गुन्हा शाबीत करा की!" पाटील म्हणाले, "अण्णा, मग तुमीच सांगा कसं करायचं." त्यांनी हे चिडून म्हटलं होतं. आतोबांना ते आमंत्रण वाटलं.

त्यांनी काढलेला मार्ग कागदावर अगदी सरळ होता. काहील एकच, घाट एकच, धार तीच. चार फेऱ्या. परसूनं एकदा नव्या वल्ह्यानं जायचं आणि एकदा जुन्या; सत्याप्पानंही तसंच. समोरच्या धक्क्यापासून काहील किती खाली वाहवत जाऊन टेकते, तेवढंच बघायचं. कमी वाहवेल तो चांगला. "एका वक्ताला एकच गोष्ट बदलायची," ते बोट वर करून म्हणाले. आठवडाभर आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. आमटीत मीठ जास्त झालं तर आत्या म्हणे, "एकच गोष्ट बदललीय. तक्रार करू नका."

पहिली अडचण आली वजनाची. परसू अंगानं भरलेला, सत्याप्पा वाळका. हलकी काहील धारेवर जास्त उडते, तेव्हा सत्याप्पा बसेल तेव्हा तेवढा भार आत ठेवायला हवा. दगडांवर कुणाचा विश्वास बसेना. गावात ज्याचं वजन सगळ्यांना मान्य अशी एकच वस्तू होती, गुळाची ढेप. पाटलांच्या घरातनं ढेपा आल्या, काहिलीत रचल्या आणि सत्याप्पाची तालीम सुरू झाली. परत आल्यावर आतोबांनी काहिलीत साचलेल्या पाण्यात बोट बुडवलं, चाटलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "फेरी रद्द," ते म्हणाले. "वजन पाण्यात गेलं." उसाच्या रसासाठी जन्मलेल्या त्या काहिलीत त्या दिवशी पुन्हा गुळाचं पाणी झालं होतं. काठावरच्या गुरांनी ते आवडीनं प्यायलं. पाटलांच्या आवडीचं विचारू नका. दुसऱ्या दिवशी ढेपांच्या जागी आत्याचा पाटा आणि वरवंटा गेले. ती चार घरं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "न्या! न्याय व्हईपर्यंत गावानं चटणी खाऊ नगा!"

दुसरी अडचण आतोबांनी स्वतःच काढली. वल्हवणाऱ्याला आपल्या हातात कुठलं वल्हं आहे हे कळलं तर तो नावडत्या वल्ह्याला मनापासून जोर लावणार नाही. वखारीतला दंडक! म्हणून दोन्ही वल्ह्यांच्या दांड्यांना सारखंच फडकं गुंडाळलं आणि परसूचे डोळे बांधून त्याला काठाजवळच्या संथ पाण्यात सोडलं. परसूनं एवढा जोर लावला की काहील जागच्या जागी गरगर फिरू लागली, आणि तो मोठ्या अभिमानानं ओरडत होता, "आलो का पलीकडं?" मग सत्याप्पाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. त्याच्या हातात वल्हं दिलं मात्र, तो लगेच म्हणाला, "हे माजं न्हवं." बदलून दिलं. फडक्यावरून त्यानं नुसता अंगठा फिरवला आणि मान डोलावली. आतोबांनी स्वतः त्याची पट्टी सोडली. "नाकाला फशिवता येतं," ते मला हळूच म्हणाले, "हाताला न्हाय येत." आपला एवढा लाडका दंडक मोडीत निघाल्याचं त्यांना दुःख कमी आणि नवल जास्त वाटत होतं. चूक कळली की त्यांचा चेहरा नेहमी असाच उजळे, आणि मला ते त्यासाठीच फार आवडत.

डोळे बांधायचे ते वल्हवणाऱ्याचे नकोत, निवाडा करणाऱ्याचे हवेत, असं मग ठरलं. पलीकडच्या वस्तीतला एक कानडी म्हातारा यासाठी नेमला. सगळे त्याला आज्जा म्हणत. त्यानं नदीकडं पाठ करून बसायचं. काहिलीचं लोखंड काठच्या दगडांवर खरखरलं की वल्हवणाऱ्यानं वल्हं पोत्याखाली दडवायचं आणि मगच आज्जानं वळून त्या जागी काठी रोवायची. हात कुणाचे आणि वल्हं कुठलं, यात त्याला काडीचं गम्य नसावं म्हणून त्याला फक्त "काठी रोव" एवढंच सांगितलं होतं. कानडीत वल्ह्याला हुट्टु म्हणतात. हा शब्द त्या काठावर कुणी उच्चारायचा नाही, अशी आतोबांची सक्त ताकीद होती.

परीक्षेच्या दिवशी गाव घाटावर लोटलं. वर कुठंतरी पाऊस झाला होता, पाणी चढत होतं, आतोबा पाणी मोजायला काठावर केलेल्या खुणेकडं सारखे बघत होते. पहिली फेरी परसूची, नव्या वल्ह्यानं. तो बऱ्यापैकी वाहवला, पण गेला. परत येऊन त्यानं जुनं वल्हं घेतलं. यावेळी धारेनं त्याला ओढत ओढत पार करंजाच्या झाडापाशी नेलं. लोकांत कुजबुज झाली. मग सत्याप्पा उतरला. पाटा-वरवंटा आत गेला, परसूचं नवं वल्हं त्यानं अवघडून हातात घेतलं, आणि ती काहील अशी गेली, अशी गेली की काय सांगू. मधल्या धारेत तिनं जरा अंग चोरलं, एक गिरकी घेतली आणि धक्क्याच्या जवळजवळ समोर जाऊन टेकली. सगळ्या काठ्यांत सत्याप्पाची काठी वर होती. माझ्या शेजारी उभा असलेला परसू आपल्या दंडाकडं बघत राहिला. सत्याप्पाचे हात संपले नव्हते, हे एवढ्यातच सगळ्यांना कळलं होतं. मी आतोबांना म्हणाले, "झालं की! निकाल लागला." ते म्हणाले, "चार म्हंजे चार."

सत्याप्पा परत आला, नवं वल्हं परसूला दिलं आणि बापाचं वल्हं हातात घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा फुललेला मी पाहिला. परसूच्या हातात ते वल्हं हरलं होतं. पण ते परसूचे हात. आता ते स्वतःच्या घरी येणार होतं. त्याला धान्याची फिकीर राहिली नव्हती, त्याला हीच फेरी हवी होती.

तेवढ्यात पलीकडून आज्जा ओरडला. पाण्याच्या आवाजात शब्द तुटून येत होते, पण एक स्पष्ट ऐकू आला, "हुट्ट!" पुन्हा, "हुट्ट...!" आतोबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फुटलं!" ते ओरडले. "कुणी सांगितलं त्याला वल्ह्याचं? कोण बोललं? सगळ्या फेऱ्या रद्द! पैल्यापास्नं करायचं!" परसू देवाची शपथ घेऊ लागला, पाटलांनी कपाळाला हात लावला. आज्जा तिकडं घसा फोडून ओरडतच होता, आणि तो जेवढा ओरडे तेवढे आतोबा इकडनं हात हलवून त्याला गप्प बसायच्या खुणा करत.

आत्या आपल्या पाट्यावर लक्ष ठेवायला घाटावर आली होती. ती पुढं झाली. "अवो, वल्ह्यासाटी कुनी डोस्क्याचा पटका सोडून हालवतंय व्हय?" ती म्हणाली. "नीट ऐका. कूस हुट्टतैत्री म्हनतोय त्यो. लेकरू! लेकरू जन्माला यायलंय! आज्जाची सून हो, दही घेऊन याची ती. दिस भरल्यात तिचं." कानडीत वल्हंही हुट्टु आणि जन्म घेणंही हुट्टणंच, हे आम्हा सगळ्यांना पाळण्यापासून ठाऊक. पण आठवडाभर कानांत वल्हं घालून बसलेल्या एवढ्या गर्दीत ते ऐकू आलं एकट्या आत्याला.

सुईण आमच्या काठाला राहायची. माणसं तिला आणायला धावली. नदीनं तोवर आतोबांची खूण गिळली होती आणि मधल्या धारेत झाडाच्या फांद्या वाहत येत होत्या. आतोबा स्वतः काहिलीत उतरले आणि पाटा उचलून वाळूत टाकला. सुईण आली, पाणी बघून मागं सरली, "मी न्हाई बसायची ह्या परातीत" म्हणाली, आणि आत्यानं तिला दंडाला धरून पाट्याच्या जागी बसवलं. सत्याप्पा बापाचं वल्हं घेऊन तयार उभा होता. त्याची पाळीच होती ती. त्यानं एक पाय काहिलीत ठेवला.

"सत्याप्पा," आतोबा म्हणाले, "ते खाली ठेव. नवं घे."

सत्याप्पा थांबला. "अण्णा, माझी फेरी ऱ्हायलीय."

"ठावं हाय मला. हात तुजंच पायजेत. वल्हं परसूचं घे."

"चार म्हंजे चार म्हनलासा तुमी."

"म्हनलो हुतो," आतोबा म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी मला ओळखू आला नाही. "बाई आत बसलीय, तिकडं एक बाई अडलीय. आत्ता मला परीक्षा घ्याची न्हाय रं. घे ते."

सत्याप्पानं बापाचं वल्हं घाटाच्या पायरीवर आडवं ठेवलं, अगदी अलगद, आणि परसूनं पुढं केलेलं वल्हं घेतलं. मग आम्ही सगळे बघत राहिलो. फांद्या चुकवत, फेसातून वर येत, काहील एकदा दिसेनाशी झाली तेव्हा घाटावरची एक बाई रडू लागली. मग पलीकडं लोखंड खरखरल्याचा आवाज आला, आज्जा हात पसरून धावला, आणि सुईण त्याच्यामागं पळताना दिसली. काठी रोवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. दिवस मावळायच्या आधी निरोप आला, मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप.

पंचांनी त्याच घाटावर काहील सत्याप्पाकडं ठेवली. परसूनं आपलं वल्हं त्याला देऊन टाकलं, ते परत घ्यायला तो तयारच होईना. पाटलांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग अण्णा, वल्ह्याचा निकाल काय? जुनं हरलं न्हवं?" सत्याप्पा शेजारीच उभा होता, खाली मान घालून. आतोबा म्हणाले, "कोन म्हनतंय? तीनच फेऱ्या झाल्यात. सत्याप्पाच्या हातात सत्याप्पाचं वल्हं अजून बघितलंच न्हाय. ते बघितल्याबिगर निकाल न्हाय." पाटील म्हणाले, मग घ्या उद्याच. आतोबांनी पाण्याकडं बोट दाखवलं. "पानी बदललं की. तसंच पानी यायला पायजे, तवा घेऊ."

त्यानंतर दर पावसाळ्यात सत्याप्पा विचारी, "अण्णा, चौथी फेरी कवा?" आतोबा काठावर येत, पाणी निरखत, हात बुडवून बघत, आणि दरवेळी मान हलवत. कधी पाणी फार गढूळ, कधी वारा उलटा, कधी नुसतंच, "न्हाय रं, त्या दिसासारखं न्हाय." छत्रीसाठी तापानं फणफणलेला, दोन आंब्यांवरून पातेल्याकडं रोखून बघणारा तो माणूस, पण एवढी एकच परीक्षा त्यांनी आयुष्यभर अर्धवट ठेवली. सुरुवातीला मला वाटे की ते खरंच त्या पाण्याची वाट बघताहेत. पुढं तसं वाटेना, आणि मी विचारलंही नाही. त्यांच्यावर माझा जीव होता, तो त्यानंतर जरा जास्तच जडला.

आतोबा गेले ते उन्हाळ्यात. त्या पावसाळ्यात मी नदीवर गेले होते, तेव्हा सत्याप्पा काहील काठाला लावून बसला होता, खूप थकलेला. मला बघून उठला. "आक्का, औंदा पानी बगा," तो म्हणाला. "हुबेहूब त्या दिसासारखं आलंय. अण्णा असतं तर चौथी फेरी झाली असती."

मी म्हणाले, "काय निघालं असतं, सत्याप्पा?"

त्यानं पाण्याकडं बघितलं. "हरलं असतं की," तो म्हणाला. "त्याचं पातंच सरलं हुतं. मला त्याच दिशी कळलं, परसूचं वल्हं हातात घेतल्याबरुबर." मग म्हणाला, "अण्णांस्नी बी ठावं हुतं. पर माज्या बाचं वल्हं हरलं असं त्येंनी कवा म्हटलं न्हाई बगा."